फातालुकूत शिकल्याने देश फुटत नाही

आग्नेय आशियातल्या पूर्व तिमोर या छोट्या देशाच्या पार पूर्वेकडच्या टोकाला इरा लालारो नावाचं एक मोठं तळं आहे. यातलं 'इरा' म्हणजे पाणी, फातालुकू भाषेत. त्या भागातलं, म्हणजे लाउतेम जिल्ह्यातलं सहा वर्षांचं पोर घरी आईकडे इरा मागतं. बाजारात किंवा चर्चमध्ये गेलं की तेच पाणी तेतुम भाषेत 'बे' होतं, शाळेच्या पुस्तकात पोर्तुगीज 'आग्वा' होतं, आणि बाई जरा वयस्कर असल्या तर त्या स्वतः इंडोनेशियन राजवटीत शिकलेल्या असतात, त्यामुळे अडल्यावर त्यांच्या तोंडी इंडोनेशियन 'आयर' येतं. एका पाण्याला चार शब्द, आणि पोराला येतो तो पहिला शब्द सोडून बाकी तिन्हींची शाळेत ये-जा.

तर या पोराला वाचायला कुठल्या भाषेत शिकवायचं यावरून तिथे गेली पंधराएक वर्षं भांडण चालू आहे. माझं मत मी आधीच सांगून टाकते. त्याला आधी फातालुकूत वाचायला शिकवा, मग तेतुम, मग पोर्तुगीज. यानं देशाचे तुकडे होतील अशी जी भीती तिथले काही राजकारणी घालतात ती चुकीची आहे, आणि ज्या देशानं स्वतःची भाषा दाबली गेल्याचं एवढं सोसलं त्या देशानं तरी ती भीती घालू नये असं मला मनापासून वाटतं.

माझा या देशाशी संबंध म्हटला तर शब्दांपुरता. माझी मावशी गोव्यातल्या पेडण्याची, ती खिडकीला जनेल म्हणायची. काही वर्षांपूर्वी तेतुमची एक शब्दयादी हाताला लागली आणि त्यात खिडकीला 'जनेला', टेबलाला 'मेझा', किल्लीला 'शावी', साबणाला 'साबाउन', पावाला 'पाउं', शाळेला 'एस्कोला'. आमचं मेज, चावी, साबण, पाव आणि गोव्यातलं इस्कोल सगळं एका जहाजातून उतरलेलं. नंतर कळलं की एकोणिसाव्या शतकापर्यंत तिमोरचा पोर्तुगीज कारभार कितीतरी काळ गोव्याच्या हाताखालीच होता. तेव्हापासून त्या देशाचं काही दिसलं की मी वाचते, आणि वाचता वाचता त्या शाळांच्या भांडणात गुंतले.

थोडं मागचं सांगायला हवं नाहीतर पोर्तुगीजचा हट्ट कळणार नाही. पोर्तुगीज तिथे चारशेच्या वर वर्षं होते पण शाळा मोजक्याच काढल्या, त्यामुळे १९७५ मध्ये ते निघाले तेव्हा पोर्तुगीज येणारी माणसं थोडी होती. २८ नोव्हेंबर १९७५ ला फ्रेटिलिन पक्षानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नवव्या दिवशी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचं सैन्य राजधानी डिलीत उतरलं. पुढची २४ वर्षं त्यांची राजवट. सत्यशोधन आयोगाच्या हिशोबानं त्या काळात लढाईनं, उपासमारीनं आणि आजारानं लाखाच्या आसपास माणसं गेली, आणि मूळ लोकसंख्या सात लाखाच्याही आत होती हे लक्षात घ्या. शाळेत, ऑफिसात इंडोनेशियन आणली, पोर्तुगीजवर बंदी. १९८१ मध्ये चर्चनं इंडोनेशियनमधून मिस्सा म्हणायला नकार दिला आणि तेतुम घेतली, आणि तिथून तेतुमला एक वेगळाच मान आला. जी भाषा तोवर बाजाराची होती ती देवाची आणि दुःखाची झाली. डोंगरातले लढवय्ये तेतुमातून टोपणनावं घ्यायचे, ताउर मातान रुआक या सेनानीच्या, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाच्या नावाचा अर्थ 'दोन तीक्ष्ण डोळे'. आणि नेते एकमेकांना चिठ्ठ्या लिहायचे त्या मात्र पोर्तुगीजमधून, कारण ती सैनिकांना कळायची नाही.

३० ऑगस्ट १९९९ ला युनोच्या देखरेखीखाली मतदान झालं, ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं मत दिलं, आणि सैन्य आणि त्यांच्या टोळ्यांनी जाताजाता देश जाळला. बहुतेक शाळा जळल्या. माध्यमिक शाळांतले बहुसंख्य शिक्षक इंडोनेशियन होते, ते निघून गेले. २० मे २००२ ला देश अधिकृतपणे स्वतंत्र झाला तेव्हा घटनेच्या तेराव्या कलमात तेतुम आणि पोर्तुगीज या दोन राजभाषा ठरल्या, इंडोनेशियन आणि इंग्रजीला दुसऱ्या एका कलमानं गरज असेतो कामकाजाच्या भाषा म्हणून ठेवलं, आणि तेराव्या कलमातच पुढे एक वाक्य आहे की तेतुम आणि देशातल्या इतर राष्ट्रीय भाषांची कदर आणि विकास शासन करेल. हे वाक्य लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

पोर्तुगीज का घेतली याची कारणं मला पटतात, निदान समजतात. एका बाजूला इंडोनेशिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलिया, मध्ये हा चिमुकला देश. त्यांना वाटलं की आपण वेगळे कशामुळे तर या भाषेमुळे. मोझांबिक, अंगोला, ब्राझील, पोर्तुगाल अशी दूरची भावकी मिळते. तेतुममध्ये कायद्याचे शब्द नव्हते. आणि जे नेते वर्षानुवर्षं जंगलात, तुरुंगात किंवा परदेशात काढून परतले, उदाहरणार्थ पहिले पंतप्रधान मारी अल्कातिरी जे १९७५ पासून मोझांबिकमध्ये होते, त्यांच्यासाठी पोर्तुगीज ही गुलामीची भाषा उरलीच नव्हती, ती लढ्याची झाली होती. हे सगळं खरं. पण घरात पोर्तुगीज बोलणारे एक टक्कासुद्धा नाहीत. आणि जी पिढी इंडोनेशियन शाळांत शिकून त्याच इंडोनेशियाविरुद्ध रस्त्यावर उतरली, १९९१ मध्ये सांता क्रूझच्या कबरस्तानात गोळ्या झेलल्या, ती पिढी स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याच देशात अर्ज लिहिता न येणारी ठरली. हा घाव मोठा होता आणि तो सहजासहजी भरत नाही.

आता आकडे. २०१५ च्या जनगणनेत घरची भाषा तेतुम प्रासा, म्हणजे डिलीकडची तेतुम, असं सांगणारे साधारण ३० टक्के. मांबाय साडेसोळा टक्के, मकासाय साडेदहा, मग बायकेनो, केमाक, बुनाक, तोकोदेदे असं करत फातालुकू साडेतीन टक्क्यांवर. यातल्या फातालुकू, मकासाय आणि बुनाक या भाषा तेतुमच्या कुटुंबातल्याच नाहीत, त्या पापुआकडच्या भाषांच्या गोतावळ्यातल्या. म्हणजे मांबायच्या पोराला तेतुम निदान चुलतबहीण तरी लागते, फातालुकूच्या पोराला ती पूर्ण परकी, मराठी माणसाला तमिळ असते तशी. तेतुम दुसरी भाषा म्हणून जवळजवळ सगळा देश बोलतो हे खरंय, पण मोठी माणसं बोलतात, सहा वर्षांचं पोर नाही.

मोठ्यांचं कौतुक वाटावं असं एक चित्र सांगते. डिलीच्या बाजारात माणसं आकडे तीन भाषांत मोजतात. चार-पाच वस्तू असतील तर तेतुममध्ये इदा, रुआ, तोलू. भाव सांगायचा तर इंडोनेशियन आकडे. आणि घड्याळातले वाजले किती हे पोर्तुगीजमध्ये. एकाच बोलण्यात, न अडखळता. या लोकांना भाषा जड नाहीत हो. एकावर एक चढवत गेलं तर हे लोक पाच भाषासुद्धा पेलतात. पण पहिली वीटच हवेत ठेवली तर काय होतं ते २००९ मध्ये वर्ल्ड बँकेनं केलेल्या वाचनाच्या चाचणीत दिसलं, पहिली संपलेल्या मुलांपैकी ७० टक्क्यांहून जास्त मुलांना समोरच्या साध्या उताऱ्यातला एकही शब्द वाचता आला नाही. एकही. वर्षभर शाळेत जाऊन.

यातून मातृभाषेच्या शाळांचा प्रयोग निघाला. शिक्षणासाठी काम करणाऱ्या कर्स्टी स्वॉर्ड गुस्मांव, ज्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते शनाना गुस्मांव यांच्या तेव्हाच्या पत्नी, त्या यात पुढे होत्या, आणि युनेस्कोचा राष्ट्रीय आयोगही. तीन जिल्हे घेतले, लाउतेममध्ये फातालुकू, मनातुतोमध्ये गालोलेन, ओएकुसेमध्ये बायकेनो. पद्धत अगदी साधी, बालवाडीत आणि पहिलीत सगळं घरच्या भाषेत, तेतुम आधी नुसती कानावर घालायची, मग बोलायची, मग वाचायची, आणि पोर्तुगीजलाही हाच क्रम, फक्त उशिरा. म्हणजे पोर्तुगीज काढून टाका असं कुणी म्हणतच नव्हतं. २०१६ मध्ये मुलांची परीक्षा घेतली तर या शाळांतली मुलं नेहमीच्या सरकारी शाळांपेक्षा पुढे निघाली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पोर्तुगालच्या मदतीनं चालणाऱ्या काफे नावाच्या शाळा आहेत, तिथे पोर्तुगालहून शिक्षक येतात, आणि तिथली मुलंही चांगली शिकतात. पोर्तुगीजवाले हे उदाहरण लगेच पुढे करतात. पण अशा शाळा जिल्ह्याला एक, प्रवेशासाठी रांग, आणि शिक्षक पोर्तुगीज मातृभाषेचा. डोंगरातल्या वाडीवर जिथे शिक्षकालाच पोर्तुगीज कशीबशी येते तिथे ते मॉडेल नेणार कसं? तिथे जे आहे ते वापरायचं, आणि तिथे आहे काय तर शिक्षकाची आणि पोराची एक समान भाषा. फुकटात मिळालेली.

तरी विरोध झाला आणि जोरात झाला. म्हणणं काय, तर देश नवा आहे, जिल्ह्याजिल्ह्याची भाषा शाळेत आणली की प्रत्येक जिल्हा स्वतःला वेगळा समजायला लागेल. आणि दाखला कुणाचा, तर २००६ चा. त्या वर्षी सैन्यातल्या जवळजवळ सहाशे जवानांनी आम्ही पश्चिमेकडचे म्हणून आम्हाला डावलतात अशी तक्रार केली, त्यांना काढून टाकलं, आणि बघता बघता डिलीत लोरोसाए विरुद्ध लोरोमोनू, म्हणजे उगवतीचे विरुद्ध मावळतीचे अशी घरं जळायला लागली. दीड लाखाच्या आसपास माणसं तंबूत गेली, अल्कातिरींना राजीनामा द्यावा लागला, परत परदेशी सैन्य बोलवावं लागलं.

हा दाखला मला कधीच पटला नाही. २००६ चं भांडण बढतीचं होतं, पगाराचं होतं, लढ्यात कुणी जास्त सोसलं या मानाचं होतं, आणि १९९९ नंतर डिलीतली रिकामी घरं कुणी बळकावली याचंही होतं. मातृभाषेची एकसुद्धा शाळा तेव्हा सुरू झालेली नव्हती. डिलीच्या गल्लीत एकमेकांवर दगड टाकणाऱ्या दोन्हीकडच्या पोरांची समान भाषा तेतुमच होती. एक भाषा असल्यानं भांडण थांबलं नाही, मग अनेक भाषांनी ते पेटेल हे कशावरून? आणि लाउतेमच्या निष्ठेवर शंका घेताना तर जरा आठवावं, शनाना पकडले गेल्यानंतरच्या कठीण वर्षांत लढ्याची धुरा ज्यानं वाहिली तो निनो कोनिस सांताना लाउतेमचाच, तुतुआलाचा. आज त्याच्या नावानं राष्ट्रीय उद्यान आहे, इरा लालारो तळं त्यातच येतं. ज्या भूमीनं असा माणूस दिला तिथल्या भाषेत दोन-तीन वर्षं बाराखडी शिकवली तर देश फुटतो?

खरी फूट कुठे आहे ते कोर्टात दिसतं. कायदे पोर्तुगीजमध्ये लिहिले जातात, न्यायालयाची कागदपत्रं बहुतांशी त्याच भाषेत. म्हातारी साक्षीदार मकासायमध्ये बोलते, कुणीतरी ते तेतुममध्ये सांगतं, मग ते पोर्तुगीजमध्ये कागदावर जातं, आणि निकाल उलट्या वाटेनं खाली येतो. प्रत्येक पायरीवर काहीतरी सांडतं. जमिनीची केस असेल तर बांध कुठल्या झाडापासून कुठल्या दगडापर्यंत हे सांगणारे शब्द तिच्या भाषेत बारीक असतात, तिसऱ्या भाषेत पोचेपर्यंत नुसतं 'तिथून इथपर्यंत' उरतं. राजभाषा येणारे आणि न येणारे ही त्या देशातली दरी, आणि ती पूर्व-पश्चिमेपेक्षा खोल आहे. मातृभाषेतून सुरुवात केलेलं पोर पुढे पोर्तुगीज नीट शिकलं तर ही दरी बुजायला मदतच होईल. हे तिथल्या पोर्तुगीजप्रेमींनी समजून घ्यायला हवं, त्यांच्या भाषेचा फायदा याच्यातच आहे.

आता गोव्याकडे वळते कारण तिथली गोष्ट आपली पण आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं फर्मान काढलं की लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. कोकणी सुटली नाही. १९६१ नंतर पोर्तुगीज गेली, आणि मग कोकणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावरून आपण किती वर्षं घालवली. १९८७ ला गोव्याच्या कायद्यानं कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामात जागा राहिली. आमच्या घरात मराठीची बाजू घेणारे होते आणि माझ्या मावशीचं शिक्षण मराठीतून झालेलं, मराठीवर तिचा जीव होता, पण ताप आला की ती कण्हायची कोकणीतून. ती बोली की भाषा हे तिला कुणी विचारलं नाही. माणूस आजारपणात ज्या भाषेत बोलतो तिला लहान म्हणायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नसावा, एवढं मी तिच्याकडून शिकले.

आणि आपल्याकडे आजही. तरुणपणी मी दोन वर्षं मेळघाटातल्या एका आश्रमशाळेत शिकवलं. पहिलीतली एक कोरकू मुलगी, चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवलं की तोंड उघडायची नाही. तपासणी होती, मी बकरीच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं हे काय, तिनं हळूच एक शब्द सांगितला तो मला कळला नाही. परत विचारलं, तिनं परत तोच सांगितला, या वेळी खाली बघून. मी तिच्या नावापुढे अप्रगत लिहिलं. महिन्याभरानं शाळेच्या मागे ती बकरीला तोच शब्द म्हणून हाका मारत होती तेव्हा माझ्या लक्षात आलं की उत्तर बरोबर होतं. मला कोरकू येत नव्हती, आणि अप्रगत ती ठरली. ती नोंद मी नंतर खोडली, पण दुसऱ्या वर्षी ती मुलगी शाळेत आली नाही. दरवेळी तिमोरच्या त्या ७० टक्क्यांबद्दल वाचते तेव्हा मला ती दिसते, खाली बघून परत तोच शब्द सांगणारी.

२०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, आपण सगळे चिडलो, आणि जूनच्या शेवटी सरकारला तो मागे घ्यावा लागला. मीही चिडले होते. आपला मुद्दा होता की एवढ्या लहान मुलावर परकी भाषा लादू नका, आधी त्याला त्याच्या भाषेत घट्ट होऊ द्या. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण मग तोच मुद्दा कोरकू, गोंडी, भिल्ली, वारली पोरांसाठी जसाच्या तसा लागू होतो, आणि त्यांच्यासाठी पहिलीतली परकी भाषा मराठी आहे हे म्हणताना आपली जीभ का अडखळते? तिमोरी नेत्यांचंही नेमकं हेच झालं. इंडोनेशियन लादली तेव्हा ते ज्या शब्दांत बोलले तेच शब्द आज फातालुकूवाले बोलतात तर त्यांना ते ऐकू येत नाहीत.

खर्चाचा मुद्दा उरतो. तेरा-साडेतेरा लाखांचा देश, भाषा वीसच्या आसपास, काहींची नीट लिपीव्यवस्थाही ठरलेली नाही, तेल-वायूचा पैसा आटत चाललाय. हे खरं आहे आणि सगळ्या भाषांत दहावीपर्यंत पुस्तकं काढा असं कुणी म्हणत नाही. पहिल्या तीन-चार वर्षांची पुस्तकं, तीही साधी, काळ्या-पांढऱ्या चित्रांची, स्थानिक गोष्टींची. नापास होऊन तीच इयत्ता पुन्हा करणाऱ्या मुलावर सरकार दरवर्षी जो खर्च परत परत करतं त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. आणि काही भाषांच्या बाबतीत तर थांबायला वेळच नाही, लाउतेममधलीच माकुवा भाषा फातालुकूत विरघळून गेल्यात जमा आहे, ती येणारी माणसं म्हणजे थोडे म्हातारे.

सरकारं बदलली की धोरणही हेलकावे खातं. २०१५ च्या सुमारास सुरुवातीच्या इयत्तांत तेतुमला जास्त जागा देणारा अभ्यासक्रम आला, नंतर आलेल्यांनी पोर्तुगीज परत वर ओढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये देश आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचा, अकरावा सदस्य झाला, तिथलं कामकाज इंग्रजीत, म्हणजे आता आईबापांना इंग्रजीही हवी असणार, आणि त्यात चूक काही नाही. पण वरून एकेक भाषा वाढत जाणार असेल तर खालची जास्तच पक्की हवी.

मला घटनेतलं ते वाक्य सारखं आठवतं, राष्ट्रीय भाषांची कदर आणि विकास. कदर म्हणजे सणाला नाच आणि भाषणात चार शब्द एवढंच नाही ना. लाउतेममध्ये २०१३ च्या सुमारास जी पोरं बालवाडीत फातालुकूतून अक्षरं गिरवायला बसली, त्यांची पहिली तुकडी आता सतरा-अठरा वर्षांची असेल. फातालुकू शाळेत लिहायला शिकलेली ही पहिली पिढी. सरकारला डोंगरातल्या शाळांसाठी शिक्षक मिळत नाहीत, आणि ही मुलं तिथेच आहेत. त्यांना शिक्षकाचं ट्रेनिंग द्यावं, भरतीच्या परीक्षेत पोर्तुगीजबरोबर फातालुकूलाही मार्क असावेत, आणि त्यांना त्यांच्याच गावच्या पहिलीच्या वर्गावर पाठवावं. पोरानं इरा म्हटलं की त्या बाईला कळेल.